दीड गोणीला ओरडणारी मोटार

दहिवलीचा वाल्मिकमिस्त्री शनिवारी कालवणाला हात लावत नसे. उपासबिपास काही नाही, त्या भानगडी त्यानं केव्हाच सोडल्या होत्या. कारण निराळं होतं. शनिवारी कर्जत-चौक रस्त्यावरचे गाडीवाले बंपरला नवं कोरं लिंबू-मिरची टांगून निघत, आणि त्यांतली एखादी तरी गाडी नदीच्या पुलाजवळ वाल्मिकच्या गॅरेजसमोर येऊन धापा टाकत थांबे. बॉनेटला हात लावायच्या आधी वाल्मिक ती माळ तोडी, मिरच्या खाकी चड्डीला पुशी आणि मालकाच्या डोळ्यांदेखत भाकरीबरोबर कचाकचा खाई.

"मिस्त्री, अवो बाधा होईल!"

"होऊंद्या की. मला होईल. तुमची गाडी तर सुटली."

लिंबं त्याची बायको इंदूबाई लोणच्यात घाली. त्या घरात लिंबू विकत आणल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

वाल्मिकचा बाप धर्माजी खोपोलीला घाटाच्या पायथ्याशी पाणी वाहायचा. इंग्रजाच्या अमदानीतली गोष्ट. बोरघाट चढताना मोटारी अशा तापायच्या की अर्ध्या वाटेवरून चहाच्या किटलीसारख्या शिट्ट्या मारत माघारी यायच्या. मग धर्माजी कावड घेऊन धावायचा. गावात त्याच्या हातचं पाणी कुणाला चालत नव्हतं. रेडिएटरला चालायचं. गंधटिळा लावलेले शेटजी रस्त्याच्या कडेला उभे राहून "अरे, अजून ओत, अजून ओत" म्हणून त्याची विनवणी करायचे आणि आपण मात्र तहानलेले राहायचे. लहानग्या वाल्मिकनं हे पाहिलं आणि माणसांपेक्षा मोटारीची जात बरी, असं मनाशी ठरवून टाकलं.

त्याच खोपोलीत मुंबईचा एक मिस्त्री बायकोशी भांडून येऊन राहिला होता. त्यांचं भांडण बारा वर्षं मिटलं नाही, हे वाल्मिकचं नशीब. तेवढ्या काळात त्यानं इंजिन उतरवण्यापासून क्लच बसवण्यापर्यंत सगळी विद्या त्या मिस्त्रीकडून काढून घेतली. मग मिस्त्रीची बायको एक दिवस खोपोलीत येऊन थडकली आणि नवऱ्याला बखोटीला धरून घेऊन गेली. जाताना तो वाल्मिकला आपला हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर देऊन गेला.

छप्पन साली धर्माजीनं धर्म बदलला. देव्हाऱ्यातले देव नदीत सोडले आणि घरी येऊन म्हणाला, "आजपासून गंडा नाय, दोरा नाय, अंगारा नाय. काय व्हईल ते आपल्या हातानं व्हईल." वाल्मिकला हे फारच आवडलं. त्याला तशीही आपल्या हातांची घमेंड होतीच. आणि हातांपेक्षा जास्त कानांची. तो लांब स्क्रू ड्रायव्हर चालत्या इंजिनावर टेकवायचा, मूठ कानाशी धरायची, डोळे मिटायचे आणि वैद्यानं नाडी सांगावी तसं सांगायचं, "दोन नंबरचा वॉल्व्ह." दहातल्या नऊ वेळा ते खरं निघे. दहाव्या वेळीही तो तितक्याच ठामपणे सांगे.

सदुसष्ट साली पंचायत समितीच्या निवडणुकीच्या तोंडावर त्याच्याकडे धाऊशेठची मोटार आली, ती ही दहावी वेळ.

धाऊशेठ हा कर्जतच्या भातगिरणीचा मालक. माणूस पोटानं मोठा, आवाजानं त्याहून मोठा. त्याची मोटार विलायती, काळी, लढाईच्या आधीची. तिच्यावरची नावाची पट्टी कधीच गळून पडली होती, त्यामुळं ती कुठल्या घराण्यातली हे कुणालाच सांगता येत नसे. मुंबईच्या कुणा बॅरिस्टराकडून पनवेलच्या डॉक्टराकडं आणि डॉक्टराकडून धाऊशेठकडं, अशी ती पायरी पायरीनं उतरत आली होती. पहिल्या वर्षी शेठ ती स्वतः चालवी. पण एकदा जवळच्या कोंडाणे गावाच्या वाटेवर बैलगाडीला रस्ता देता देता त्यानं मोटार सरळ भाताच्या खाचरात घातली. बैलांनीच ती ओढून काढली. तेव्हापासून पदू नावाचा ड्रायव्हर ठेवला आणि शेठ मागं, डाव्या अंगाला, रेलून बसू लागला.

पदू म्हणजे अंगानं तुरीची काठी. तो एकटाच मोटार घेऊन आला.

"मिस्त्री, ओरडती."

"कोण?"

"ही. मदीच ओरडती. डुकराच्या पिलाचं शेपूट दारात गावलं ना, तशी."

"कवा ओरडती?"

"तिच्या मनात आलं की."

वाल्मिक स्टिअरिंगवर बसला, पदूला शेजारी घेतलं आणि चौक फाट्यापर्यंत जाऊन आला. मोटार शाळा तपासायला आलेल्या साहेबापुढच्या पोरासारखी गप्प. खड्ड्यातून नेली, गप्प. ब्रेक करकचून दाबले, गप्प. पदू डोकं खाजवत म्हणाला, "तुला बगून भ्याली."

वाल्मिकनं बॉनेट उघडलं, स्क्रू ड्रायव्हर टेकवला, डोळे मिटले. आतला आवाज एकदम निरोगी होता. पण ऐकू आलं नाही असं सांगणं त्याच्या जिवावर आलं. फॅनचा पट्टा जुना, चकचकीत झालेला दिसत होता. जुना पट्टा घसरला की किंचाळतो, ही गोष्ट खरीच. वाल्मिकनं नवा पट्टा घातला आणि म्हणाला, "जा. आता ओरडली तर मला येऊन ओरड."

दोन दिवसांनी पदू आला आणि खरोखरच ओरडला. बाजाराच्या दिवशी, भर पेठेत, शेठ मागं बसलेले, दोन्ही हात जोडून लोकांना नमस्कार करतायत आणि मोटार खालून चीं चीं करते आहे. पोरं मागं धावली. सभेत शेठ बोलायला उभा राहिला की समोरच्या पार्टीची माणसं मागून "चीं" करतात. धाऊशेठ भाषणात सुधारणेवर फार बोलायचा. देवदेवस्की सोडा, भगताच्या नादी लागू नका, विज्ञान धरा. तो "विज्ञान" म्हणाला की मागून "चीं."

"आन लोक काय म्हंतात ठाव हाय?" पदूनं आवाज उतरवला. "म्हंतात, नुसता मी असलो की गाडी गप. शेट बसला की ओरडती. पापाचा भार सोसत नाय तिला."

वाल्मिक खो खो हसला. हसता हसता त्याला पदूचं बोलणं कुठंतरी टोचायला हवं होतं, पण टोचलं नाही. कान मोठे असले तरी माणूस ऐकतोच असं नाही. त्यानं चारही चाकं उतरवली, ब्रेक साफ केले, बेअरिंगला नवं ग्रीस भरलं. मोटार जॅकवर चढवून खाली निजला आणि वर बघितलं. तीस वर्षांचा चिखल, तेल, धूळ, सगळं एकजीव होऊन मोटारीच्या पोटाला चिकटलं होतं. ठोकून पाहिलं, हलवून पाहिलं. सगळं घट्ट.

"आता नाय ओरडायची," तो म्हणाला. पण या वेळी "मला येऊन ओरड" असं काही म्हणाला नाही.

तिसऱ्या खेपेला धाऊशेठ जातीनं आला. तो यायच्या आधी त्याची मोटार ऐकू आली. नदीच्या पलीकडं असतानाच चीं सुरू झालं, पुलावर वाढलं, आणि गॅरेजपाशी येईपर्यंत शेजारच्या चहावाल्यानं कानात बोटं घातली. शेठ उतरला. चेहरा लालबुंद.

"मिस्त्री, तू गाडी दुरुस्त करतो का तिला गानं शिकवतो?"

वाल्मिक स्टिअरिंगवर बसला आणि पुलापर्यंत जाऊन आला. गप्प. शेठ बसला, पदूनं चालवली. चीं! शेठ उतरला. गप्प. पुन्हा बसला. चीं! चहाच्या टपरीवर तोवर वीसपंचवीस माणसं जमली होती. त्यांतला एक म्हातारा अगदी कळवळ्यानं म्हणाला, "बगा, शेट उतरला की गाडीला कसं हायसं वाटतंय."

टपरी हसली. शेठनं सगळ्यांकडं एकवार पाहिलं, पण ही सगळी मतं होती, त्यामुळं शिवी गिळली.

आणि वाल्मिकला एकदम लाज वाटली. मोटार न सुधारल्याची नाही. गाव ज्याला पाप म्हणून हसत होतं ते साधं वजन होतं, आणि हे त्याच्या ध्यानात यायला तीन खेपा लागल्या होत्या. पदू तर पहिल्या दिवसापासून सांगत होता. त्यानं पदूला बाजूला घेतलं.

"मागं दोघं-तिघं बसल्यावर काय व्हतं?"

"परवा लग्नाला खोपोलीला गेल्तो. मागं शेट, शेटानी सोनुबाई आन त्यांची भन. घरापासनं मांडवापर्यंत एक दम घेतला नाय तिनं. वाजंत्री लावायची गरज नव्हती."

वाल्मिक शेठपुढं जाऊन उभा राहिला. "शेट, एक इचारू? तुमचं वजन किती?"

टपरीवर कपबशा थांबल्या. धाऊशेठला त्याच्या बापानंही हे कधी विचारलं नव्हतं.

"तुला काय करायचंय रं माज्या वजनाशी?"

"मला नाय, गाडीला करायचंय. बरं, ऱ्हाऊंद्या. उद्या सकाळी मी गिरणीवर येतो. तुमी बसू नका. गोण्या बसवू."

दुसऱ्या दिवशी गिरणीच्या अंगणात जे झालं ते बघायला निम्मं कर्जत आलं होतं. वाल्मिकनं कुणाला बोलावलं नव्हतं. पण निवडणुकीच्या दिवसांत फुकटचा तमाशा लोक सोडत नाहीत. शेठचं घर गिरणीला लागूनच. मागच्या पडवीत शेठची बायको सोनुबाई खांबाला धरून उभी होती.

वाल्मिकनं मागच्या सीटवर डाव्या बाजूला भाताची एक गोणी ठेवली. पदूनं अंगणाला फेरी मारली. गप्प.

"आर्दी गोणी आणा."

अर्धी भरलेली गोणी पहिलीच्या मांडीवर बसवली. पदूनं फेरी मारली. तुळशीवृंदावनापुढच्या उंचवट्यावरून मोटार उतरली आणि खालून आवाज आला, चीं!

"दीड गोणी!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. "शेट दीड गोणी!"

वाल्मिकनं अजून अर्धी गोणी चढवायला लावली. पुऱ्या दोन गोण्या बसल्या तशी मोटार सपाट जमिनीवरसुद्धा ओरडायची थांबेना. चीं चीं चीं चीं. हमालांनी हसून बसकण मारली. धाऊशेठ गिरणीच्या दारात उभा होता. रागवावं की आपलं वजन पाप नसून भात आहे हे सिद्ध झाल्याचा आनंद मानावा, हे त्याचं ठरेना. शेवटी तो गरजला, "बगितलं का? गोण्या काय पापी हायत का रं? आँ?"

वाल्मिकचं तिकडं लक्ष नव्हतं. वजन पडलं की मोटारीचं धड खाली बसतं. धड बसतं, पण चाकांना जोडणारा दांडा आहे तिथंच राहतो. म्हणजे धडाचं काहीतरी खाली येऊन फिरणाऱ्या कशाला तरी घासतंय. आणि गेल्या खेपेला आपण मोटार जॅकवर उचलून बघितली! धड वर उचललं म्हणजे दुखणंच दूर नेलं. ताप उतरल्यावर थर्मामीटर लावावं तसं झालं. त्यानं मनातल्या मनात स्वतःला एक अस्सल खोपोलीची शिवी हासडली.

"गोण्या तशाच ऱ्हाऊंद्या," तो म्हणाला. चारही चाकांना दगड लावले आणि पाठीवर सरपटत मोटारीखाली शिरला. जागा इतकी कमी की नाक चिखलाला लागत होतं. इंजिनापासून मागच्या चाकांकडं जाणारा लांब दांडा, ज्याला मिस्त्री लोक शाफ्ट म्हणतात, तो डोळ्यांपुढं आडवा होता. टॉर्च मारला. चिखलानं माखलेल्या त्या शाफ्टवर एका ठिकाणी बोटभर रुंदीचं कडं होतं, चांदीच्या वाळ्यासारखं लख्ख. काहीतरी तिथं घासून घासून लोखंड उजळलं होतं.

शाफ्टच्या वर काय आहे ते खालून दिसणं शक्यच नव्हतं, कारण मध्ये शाफ्टच होता. वाल्मिकनं हात वळवून वर घातला आणि बोटांनी चाचपलं. चिखलाचा गोळा. गोळ्यात काहीतरी गोलसर, कडक. त्यानं नखांनी चिखल खरवडला. एक भोक लागलं. दुसरं लागलं. मग काळ्या दोऱ्याची ढिली पडलेली गाठ.

घोड्याची नाल होती.

वाल्मिकला मोटारीखाली पडल्या पडल्या गुदगुल्या झाल्या. विज्ञान धरा म्हणणाऱ्या धाऊशेठच्या मोटारीच्या पोटात काळ्या दोऱ्यानं बांधलेली नाल! नजर लागू नये म्हणून! आणि तिनंच सगळ्या तालुक्याची नजर लावून घेतलेली! आयुष्यभर लिंबू-मिरची खाऊन त्यानं जे पटवायचा प्रयत्न केला ते आता निम्म्या कर्जतपुढं, एका हाताच्या झटक्यात सिद्ध होणार होतं. त्यानं पान्याच्या टोकानं दोरा तोडला, नाल मुठीत घेतली आणि बाहेर सरकायला लागला.

तेवढ्यात मोटारीच्या पडवीकडच्या अंगाला दोन पाय येऊन थांबले. जोडवी घातलेले. हिरव्या लुगड्याचा काठ खाली टेकला आणि सोनुबाईचा चेहरा आडवा होऊन आत डोकावला. हातात पाण्याचा तांब्या होता, लोकांना दाखवायला.

"मिस्त्री," ती कुजबुजली, "गावली?"

वाल्मिक बघतच राहिला. "तुमी बांदली?"

"मी कुटं बांदनार? मागल्या साली आमी माथेरानला गेल्तो. गाडी नेरळला ठेवली. तिथल्या एका घोडेवाल्याला सांगून बांदून घेतली. काळ्या घोड्याची हाय." तिनं मागं वळून पाहिलं. "खाचरात गाडी गेली तवा चिखल व्हता म्हनून वाचले. दर म्हैन्याला घाटानं पुन्याला जातात. घाटात कुटला चिखल? माजा जीव थाऱ्यावर नसतो, मिस्त्री. त्यांना सांगायची सोय नाय. सुधारनावाले हायत ना."

"अवो पन बाई, ही नालच तर ओरडत व्हती!"

"त्ये आता कळलं मला बी." तिचा आवाज रडवेला झाला आणि तेवढ्यात थोडा हसराही. "तेवडं घेऊन भायेर येऊ नका. लोकं त्यांना जगू द्यायची नायत. आन ते मला."

मोटारीखाली निजून माणसाला विचार करायला फारसा वाव नसतो. वर दोन गोण्या भात, बाजूला निम्मं गाव, मुठीत आयुष्यातला सगळ्यात मोठा विजय. वाल्मिकनं मनात धर्माजीला हाक मारून पाहिली. बाप काय म्हणाला असता ते त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्यानं ते फार ऐकलं नाही. त्यानं नाल सदऱ्याच्या आत सरकवली आणि बाहेर आला.

"काय व्हतं रं?" शेठ धावला. गर्दी पुढं सरकली.

"लोखंड लोखंडाला लागत व्हतं," वाल्मिक म्हणाला. यात खोटं काहीच नव्हतं. "पत्र्याचा तुकडा सुटून शाफ्टवर आल्ता. काडला."

पदूनं दोन गोण्या घेऊन अंगणात पाच फेऱ्या मारल्या. मोटार गाईसारखी चालली. लोक थोडे हिरमुसले. मग शेठ स्वतः डाव्या अंगाला बसला आणि सगळ्या पेठेतून, काचा खाली करून, मुकाट्यानं फिरून आला.

शेठ गिरणीत गेल्यावर सोनुबाई पडवीत आली. "मिस्त्री, ती परत बांदून द्या. कुटंबी. ओरडनार नाय अशी."

वाल्मिकनं नाल काढून ओट्यावर ठेवली. "बाई, मी बौद्ध मानूस. असलं काय माज्या हातून बांदायचं नाय. माज्या बापाला मी शब्द दिलाय."

"तुमी नका बांदू. मला जागा दाकवा. मी बांदते."

वाल्मिकनं मान खाजवली. बांधायचं नाही असं वचन होतं. जागा दाखवायची नाही असं कुणी म्हटलं नव्हतं. त्यानं सांगितलं, "मागच्या गादीखाली, डाव्या कोपऱ्याला स्प्रिंगा हायत. तिथं घट्ट आवळली तर कश्शाला लागायची नाय."

संध्याकाळी त्यानं हे इंदूबाईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "जागा दाकवली म्हंजे बांदलीच की."

"बांदली नाय. दाकवली."

"बरं. उद्या लोकांच्या मिरच्या खाताना तेवडं ध्यानात ठेवा."

वाल्मिकनं पुढचे दोन शनिवार भाकरी गुळाशी खाल्ली. तिसऱ्या शनिवारी मात्र मिरच्या फारच ताज्या होत्या.

निवडणूक धाऊशेठ हरला. याला कारण वाल्मिकच, असं पदू सांगे. मोटार ओरडत होती तोवर शेठ गावात शिरायच्या आधी गावाला कळायचं. पोरंटोरं, म्हातारेकोतारे, बायका, सगळे गंमत बघायला रस्त्यावर जमायचे, आणि जमलेच आहेत तर भाषण ऐकायचे. आवाज बंद झाल्यावर शेठ येऊन उभा राही तेव्हा समोर एक कुत्रं आणि दोन खंदे कार्यकर्ते. मतं कमी पडली, पण नाव मिळालं. "दीड गोणी" हे नाव जे चिकटलं ते कायमचं. शेठनं पुढं दोन वेळा वजन उतरवलं, नाव उतरलं नाही.

वाल्मिकचं नाव मात्र त्या दिवसापासून खालापुरापर्यंत गेलं. कुठं काही कुरकुरलं की लोक त्याला बोलावू लागले. नुसत्या मोटारी नाहीत. गिरणीचं इंजिन, विहिरीवरचा पंप, एका सरकारी कचेरीतला पंखा. एकदा तर चौकच्या एका गृहस्थानं सासूचा दमा ऐकायला नेलं. वाल्मिकनं स्क्रू ड्रायव्हर घरी ठेवून जाण्याएवढं भान राखलं. आणि त्यानं एक नवी सवय लावून घेतली. आधी गाडीवाल्याला बोलू द्यायचं, पुरतं बोलू द्यायचं. कान लावायचा तो नंतर.

निवडणुकीनंतर वर्षभरानं धाऊशेठ एका दुपारी गॅरेजवर आला. मोटारीला काही झालं नव्हतं. तो टायरच्या ढिगावर बसला, चहा मागवला आणि पदूला पान आणायला पिटाळलं.

"मिस्त्री, तो पत्र्याचा तुकडा कुटाय रं?"

"कंचा?"

"शाफ्टवर आल्ता तो."

"टाकला की भंगारात."

"भंगारात नाय टाकला," शेठ म्हणाला. "माज्या ढुंगनाखाली टाकला. पंधरा दिस मला वाटत व्हतं की गळू झालंय. डाक्टरला दाकवनार व्हतो. मग एक दिस गादी उचलून बगितली." त्यानं बशीतून चहाचा भुरका मारला. "गाठ तिच्या हातची हाय. तशी गाठ ती लोनच्याच्या बरनीला मारती."

वाल्मिकला हसावं की पळावं कळेना. "मग काडली?"

धाऊशेठनं बशी खाली ठेवली. सभेतला आवाज होता त्याचा, पण आता तो फार खाली आला.

"काडली असती तर तिला कळलं असतं ना. मग घाटात गाडी गेली की ती जागीच ऱ्हायली असती, दारात. ऱ्हाऊदे. मीच जागा बदलली. उजव्या अंगाला बसतो आता. पदूच्या मागं. पुडचं काय दिसत नाय, पदूचं टकुरं दिसतं." मग त्याला आठवण झाली की आपण कोण आहोत. तो ताडकन उठला. "आन हे भायेर कुटं बोललास तर याद राख."

वाल्मिक बोलला नाही. चहाच्या टपरीशेजारी राहून, असली रसाळ गोष्ट जिभेवर घेऊन तो गप्प बसला, हे त्याच्या ओळखीतल्या कुणालाही खरं वाटलं नसतं. इंदूबाईलाही त्यानं सांगितलं नाही. तेवढ्यासाठी त्याला काही वेळा ट्रकखाली जाऊन एकट्यानं हसून घ्यावं लागे.

धाऊशेठ एक्याऐंशी साली गेला. घाटात नाही, मोटारीत नाही. घरच्या पलंगावर, दुपारी जेवून वामकुक्षीला टेकला तो उठलाच नाही. वाल्मिक भेटायला गेला तेव्हा पडवीत सोनुबाई एकटीच भिंतीला टेकून बसली होती. केस पार पांढरे झाले होते. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग वाल्मिकला राहवलं नाही. शेठनं बाहेर बोलू नको म्हटलं होतं, आणि ही काही बाहेरची नव्हती. त्यानं सगळं सांगितलं. गळू, गादी, लोणच्याच्या बरणीची गाठ.

 सोनुबाईनं तोंडाला पदर लावला. खांदे हलायला लागले तसा वाल्मिक घाबरला, उगाच बोललो म्हणून. पण पदर खाली आला तेव्हा ती हसत होती. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती हसत होती.

"तेरा-चवदा वर्सं," ती म्हणाली, "दर खेपंला मी म्हनायची, इकडं डाव्या अंगाला बसा, तुमची जागा हाय. तर म्हनायचा, नको, त्या बाजूनं ऊन लागतं. रातच्याला बी ऊन लागतं म्हनायचा, मेला."